जुन्या यंत्राची निगा
२०११ साली थायलंडातील महापुराने हार्ड डिस्कचे कारखाने बुडाले तेव्हा, आणि पुढे २०२१ च्या सुमारास जगभर चिपांचा दुष्काळ पडला तेव्हाही, दुकानातून रिकाम्या हाताने परतणाऱ्यांपैकी थोड्यांच्याच ध्यानात आले असेल की, जो संगणक आपण मोडीत काढावयास निघालो आहोत, त्याचे आयुष्य सरलेले नसून केवळ त्याची निगा राखली गेलेली नाही. माझा स्वतःचा संगणक तापून वरचेवर बंद पडू लागला, तेव्हा झाकण उघडून पाहता पंख्यामागील जाळीत घोंगडीसारखा धुळीचा थर साचलेला आणि प्रोसेसरवरील उष्णतावाहक लेप चुन्याच्या खपलीसारखा वाळलेला दिसला. पंख्याचे पाते बोटाने धरून मऊ कुंचल्याने धूळ झाडली, जुना लेप स्पिरिटाने पुसून तांदळाच्या दाण्याएवढा नवा लावला, आणि यंत्र पूर्ववत् चालू लागले. उष्णता ही या यंत्रांची खरी वैरीण. कपॅसिटरांतील द्रव तिच्यामुळेच आटतो, आणि तापमान १० अंशांनी उतरल्यास त्यांचे आयुर्मान सुमारे दुप्पट होते, असा अभियंत्यांचा जुना अदमास आहे. हार्ड डिस्कच्या बाबतीत मात्र असा भरवसा धरू नये; तिच्यातील दस्तऐवजांची नक्कल अन्यत्र ठेवण्यात कसूर करणे म्हणजे वर्षांची मेहनत एका फिरत्या तबकडीच्या हवाली करणे होय.