आधी डोक्यावरची हवा चाळा

पृथ्वीबाहेरच्या जीवसृष्टीचा विषय निघाला की आपली नजर थेट ताऱ्यांकडे जाते. १९७७ साली निघालेले व्हॉएजर-१ यान गायिका केसरबाई केरकरांची भैरवी सोबत घेऊन सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने चालले आहे. याच वेगाने सर्वांत जवळचा तारा गाठायला ७०,००० वर्षांहून अधिक काळ लागेल. यानांनी आकाशगंगा धुंडाळण्याचे बेत देखणे खरे, पण उत्तर ऐकायला कोण उरणार? त्यापेक्षा ४१ किलोमीटर, म्हणजे जवळपास तुळजापूर ते सोलापूर एवढ्या उंचीवर पडलेला प्रश्न आधी सोडवावा.

इस्रोच्या प्रयोगात खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकरांच्या नेतृत्वाखाली २००१ आणि २००५ साली हैदराबादहून महाकाय फुगे सोडून २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा निर्जंतुक नळ्यांत भरली गेली. दुसऱ्या खेपेचे नमुने हैदराबाद आणि पुणे येथील प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे तपासले. त्यांत जिवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती मिळाल्या. तीन जिवाणू तोवर अज्ञात होते. एकाला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांचे, दुसऱ्याला इस्रोचे, तिसऱ्याला आर्यभटाचे नाव मिळाले. अतिनील किरणांना ते आपल्या जवळच्या भाईबंदांपेक्षा चिवट निघाले. तरीही ते अंतराळातून आले असे सिद्ध होत नाही, हे इस्रोने २००९ साली निकाल जाहीर करतानाच सांगितले. हा संयम मला शोधाइतकाच मोलाचा वाटतो.

आक्षेप रास्त आहे: ज्वालामुखी आणि वादळे पृथ्वीवरचेच जंतू वर नेत असतील. मग त्यांचे मूळ ओळखायला कार्बनच्या समस्थानिकांच्या प्रमाणाची कसोटी लावा, तीही मूळ नमुन्यावर. कारण प्रयोगशाळेत वाढवलेल्या जंतूत तिथल्याच खाद्याचा कार्बन उतरतो. दुष्काळी धाराशिव जिल्ह्याला हे कशाला, असेही कोणी म्हणेल. पण फुगा रॉकेटच्या मानाने किरकोळ खर्चात उडतो आणि वातावरणाच्या अभ्यासालाही तोच लागतो. शिवाय हैदराबादच्या फुग्यांची उपकरणे रंगीत हवाईछत्रीने उतरतात ती हैदराबाद–सोलापूर पट्ट्यातही, आणि जिल्ह्यातली उमरगा, नळदुर्ग ही गावे याच वाटेवर आहेत. पेटी उघडू नका, पोलिसांना किंवा टपाल कार्यालयाला कळवा, बक्षीस मिळेल, असे टाटा मूलभूत संशोधन संस्था दर हंगामात जाहीर करते. उघडलेली नळी म्हणजे वाया गेलेला पुरावा. हवेचे नमुने घेणारे उड्डाण पुन्हा ठरवावे, आणि ती सूचना उमरगा, तुळजापूर तालुक्यांतल्या प्रत्येक शाळेच्या फळ्यावर मराठीत लागावी. जिल्हा परिषदेला या सूचनेसाठी निधीही लागणार नाही.