ड्रोन उडवण्याआधी त्याची लहर पाहावी

२०२४ च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्यापासून मराठवाड्यापर्यंत अनेक गावांत रात्री ड्रोन फिरत असल्याच्या बातम्यांनी लोकांची झोप उडवली. गस्ती सुरू झाल्या, वावड्या उठल्या. आकाशातील तो हलता दिवा ड्रोनचा, विमानाचा की आणखी कशाचा, हे पडताळण्याचे साधन मात्र गावात कोणाजवळही नव्हते. असे साधन निवासी शाळेच्या प्रयोगशाळेत असावे आणि ते ड्रोनच्याही आधी यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ड्रोन उडवायला चार दिवसांत येते. तो कशाच्या आधाराने उडतो हे कळायला अभ्यास लागतो, आणि आमच्या मुलांना केवळ चालक म्हणून घडवणे मला पुरेसे वाटत नाही.

ड्रोन आणि चालकाच्या हातातील नियंत्रक यांचा संवाद बहुधा २.४ किंवा ५.८ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतो. जुन्या रेडिओत हवी ती लहर निवडण्याचे काम तारेचे वेटोळे आणि कपॅसिटर करीत. सॉफ्टवेअर रेडिओत लहरीचे थेट आकड्यांत रूपांतर होते आणि पुढचे सारे काम संगणकाकडे जाते. दूरचित्रवाणीसाठी बनलेली स्वस्त यूएसबी कांडी असा रेडिओ होऊ शकते, हे २०१२ च्या सुमारास हौशी अभ्यासकांनी दाखवून दिले. पण तिची धाव पावणेदोन गिगाहर्ट्झच्या आसपास संपते. देणगीदारांनी हे ध्यानी घ्यावे, नाहीतर कांडी येईल आणि ड्रोन काही दिसणार नाही. त्यासाठी ६ गिगाहर्ट्झपर्यंत पोहोचणारे हॅकआरएफ वनसारखे उपकरण हवे. तेही एका वेळी २० मेगाहर्ट्झच पाहू शकते, २.४ चा पट्टा सुमारे ८३ मेगाहर्ट्झ रुंद असल्याने तो तुकड्यातुकड्याने पाहावा लागतो.

खरी गंमत पुढे आहे. हे उपकरण सेकंदाला दोन कोटी नमुने देते. त्यांचे २,०४८ चे गट करून प्रत्येकातील कंप्रता गणिताने वेगळ्या काढल्या, तर सेकंदाला ९,७०० हून अधिक आलेख तयार होतात. पडद्यावर मात्र तीसेक चित्रेच दाखवायची असतात. मग सव्वातीनशे आलेखांपैकी एक ठेवून बाकीचे फेकावेत काय? तसे केल्यास काही मिलिसेकंदांपुरती चमकून दुसऱ्या कंप्रतेवर उडी मारणारी नियंत्रकाची लहर बहुतेक वेळा निसटते. म्हणून प्रत्येक कंप्रतेवर त्या अवधीत आढळलेले कमाल मूल्य जपायचे आणि तेच रंगात उतरवायचे. आडवी कंप्रता, उभा काळ, रंग म्हणजे लहरीचे बळ: या चित्राला धबधबा म्हणतात. त्यात व्हिडिओची लहर रुंद पट्ट्यासारखी, तर नियंत्रकाची विखुरलेल्या छोट्या रेघांसारखी दिसते. दहावीच्या विद्यार्थ्याने हा पन्नास ओळींचा प्रोग्रॅम स्वतः लिहिला, तर सरासरी आणि कमाल मूल्य यांतील भेद तो जन्मभर विसरणार नाही.

तरीही पट्टा दिसला म्हणजे ड्रोन सापडला, असे नव्हे. वाय-फाय आणि ब्लूटूथ याच पट्ट्यात नांदतात. उलट, ठरवून दिलेल्या मार्गावर आपोआप उडणारा ड्रोन नियंत्रणाची कोणतीच लहर न सोडता जाऊ शकतो. म्हणून प्रथम आठवडाभर वसतिगृहाच्या परिसरातील नेहमीचा गोंगाट नोंदवून ठेवावा; नवे काय आले, हे त्याच्याशी ताडूनच ठरेल.

हॅकआरएफ लहरी पाठवूही शकतो. ती सोय शाळेत वापरूच नये, आणि खरेदीपूर्वी परवान्याचे नियम विचारून घ्यावेत. दुसऱ्याच्या ड्रोनचे चित्र उलगडण्याचा प्रयत्नही नको. लहर आहे की नाही, एवढेच पाहायचे. लागणारे ग्नू रेडिओ हे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे. नोकरीतून बदललेला एखादा बऱ्या ताकदीचा लॅपटॉप घरी पडून असेल, तर माजी विद्यार्थ्यांनी तो आधी विज्ञान शिक्षकांकडे पोहोचवावा.