वेगळी वस्ती की गावातले घर?

समलिंगी आणि तृतीयपंथी नागरिकांच्या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे बहुधा न्यायालयाच्या निकालापासून सुरू होते आणि तेथेच संपते. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांचा स्वतःची लिंगओळख स्वतः ठरविण्याचा अधिकार मान्य केला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाने भारतीय दंडविधानाच्या ३७७ व्या कलमातील, प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांना गुन्हा ठरविणारा भाग रद्दबातल केला. कायद्याच्या पुस्तकात या दोन निकालांनी मोठे परिवर्तन घडविले यात शंका नाही. परंतु न्यायालय गुन्हा पुसून टाकू शकते; भाड्याची खोली मिळवून देऊ शकत नाही. आणि ज्याला राहावयास जागा नाही त्याच्या हक्कांची किंमत बाजारात फारशी येत नाही.

शेंदूरजनाघाटसारख्या गावाचे उदाहरण घ्या. वरूड-मोर्शी पट्ट्यातील हे संत्र्याचे गाव. येथे बाग अनेकदा झाडावर फळ असतानाच व्यापाऱ्याच्या हवाली होते. त्या सौद्यात घराण्याचा शब्द हेच तारण असते. मजूर, उसनवारी, मुलीची सोयरीक, पाण्याची पाळी हे सारे व्यवहार एकाच ओळखीच्या जाळ्यातून चालतात. अशा गावी एखाद्या घरातील मुलगा किंवा मुलगी इतरांपेक्षा निराळी आहे असे कळल्यास आई-वडिलांना वाटणारी भीती केवळ लोकलज्जेची नसते. घराची पत जाईल, धाकटीचे लग्न अडेल, हा हिशेबही त्या भीतीत असतो. तो हिशेब क्रूर आहे, पण खोटा नाही. म्हणून अशी मुले शिक्षणाच्या निमित्ताने अमरावतीस, तेथून नागपूर किंवा पुण्यास जातात आणि पुष्कळदा परत येत नाहीत. प्रश्न असा की, ती जातात कोठे? त्यांची वस्ती कोणती?

अमेरिकेत या प्रश्नाला एक उत्तर मिळाले. सॅन फ्रान्सिस्को शहरातील कॅस्ट्रो हा भाग मूळचा आयरिश कष्टकऱ्यांचा. दुसऱ्या महायुद्धात समलिंगी म्हणून सैन्यातून काढलेले अनेक सैनिक या बंदरात उतरले आणि लाजेने गावी न परतता तेथेच राहिले. पुढे साठच्या दशकात जुनी कुटुंबे उपनगरांकडे निघून गेली, जुनी लाकडी घरे स्वस्त झाली आणि ती या मंडळींनी घेऊन दुरुस्त केली. म्हणजे ही वस्ती कोणा सुधारकाच्या संकल्पातून उभी राहिलेली नाही. घरांचे भाव पडले, हे तिच्या जन्माचे मोठे कारण. १९७३ साली हार्वे मिल्क यांनी तेथे कॅमेऱ्याचे दुकान काढले. पूर्वीच्या निवडणुकांत ते पडले होते. १९७७ मध्ये नगरसभेची निवडणूक शहरभर एकत्र न होता विभागवार झाली आणि ते निवडून आले. एकवटलेल्या वस्तीला मताचे बळ येते, हे तेथे दिसले. २७ नोव्हेंबर १९७८ रोजी महापौर मॉस्कोनी यांच्यासह त्यांची हत्या झाली. पुढे एड्सची साथ आली तेव्हा रुग्णांच्या उशाशी बसण्यास याच वस्तीतील शेजारी पुढे आले. गंमत अशी की, नंतर ही वस्ती इतकी महाग झाली की घरून पळून आलेल्या तरुणाला तेथे खोली घेणे परवडेनासे झाले.

मुंबईत अशी वस्ती का झाली नाही? संख्येचा अभाव हे त्याचे कारण नव्हे. मुंबईत कोकण-घाटावरून आलेला गिरणी कामगार ज्या खोलीत पाय ठेवी ती गावकीची खोली असे. एकाच गावचे दहा-पंधरा जण एका गाळ्यात राहत, खाणावळ ओळखीची, नोकरीही गाववाल्याच्या शब्दावर. पुढे सहकारी गृहसंस्था आल्या त्याही बहुधा जात, भाषा किंवा कचेरी यांच्या आधारे. म्हणजे ज्या नजरेतून सुटण्यासाठी माणूस शहरात आला ती नजर त्याच्या आधीच चाळीत येऊन बसलेली होती. त्यात १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानंतर जागा मोकळ्या बाजारात सहज मिळेनाशी झाली आणि पागडीचे राज्य आले. एकट्या, लग्न न केलेल्या माणसाने खोली मागणे हाच तेथे संशयाचा विषय. वस्ती होण्यासाठी नुसती माणसे पुरत नाहीत, हलत्या जागांचा बाजार लागतो.

म्हणून मुंबईतील समलिंगी माणसांचे सामुदायिक जीवन जागेवाचून घडले. रेल्वे स्थानके, समुद्रकिनारा, एखाद्या मित्राच्या घरचा रविवार हीच त्यांची वस्ती. १९९० साली अशोक राव कवी यांनी ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक सुरू केले. वेगवेगळ्या गावी एकेकटे बसलेल्या वाचकांना त्याने प्रथमच एकमेकांचे अस्तित्व कळविले. १९९४ मध्ये ‘हमसफर ट्रस्ट’ निघाला आणि पुढे वाकोला येथे महानगरपालिकेच्या इमारतीत त्याला जागा मिळाली. ज्या माणसांना कायदा तेव्हा गुन्हेगार समजत होता त्यांना पालिकेने छप्पर द्यावे, हे आपल्या कारभाराचे एक सुखद विसंगत रूप म्हणावयास हवे. कारण अर्थातच एड्स-प्रतिबंधाचे होते. २००८ मध्ये ऑगस्ट क्रांती मैदानावरून या मंडळींचा मोर्चा निघाला. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांच्या ‘समपथिक ट्रस्ट’ने मराठीतून हे काम केले, ही गोष्ट इंग्रजी न येणाऱ्या तरुणाच्या दृष्टीने अधिक मोलाची. मराठी साहित्य याबाबत अगदीच मुके नव्हते. तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ रंगभूमीवर आले. शांता निसळ यांच्या ‘बेघर’वरून निघालेल्या ‘उंबरठा’ने १९८२ मध्ये महिलाश्रमातील दोन स्त्रियांच्या संबंधांकडे प्रेक्षकांना पाहावयास लावले. ‘बेघर’ हे नाव आजच्या विषयाला किती चपखल बसते पाहा.

मात्र एक समाज असा आहे की ज्याने शतकानुशतके स्वतःची घरे उभारली. तो हिजड्यांचा. (हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो, पण त्या समाजाचे ते स्वतःचे नाव आहे.) मराठी राज्यात त्यांच्याकडे जमिनी, रोख नेमणुका आणि गावोगाव ठरावीक हक्क वसूल करण्याच्या सनदा होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मुंबई सरकारने वतन-इनामांची छाननी केली तेव्हा हे हक्क पुढे चालविण्यास आधार नाकारला गेला. काल ज्याची वसुली दप्तरात नोंदली जात होती तो आज भिकारी ठरला. उत्तर हिंदुस्थानात तर १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या दुसऱ्या भागाने त्यांची नोंदवही ठेवली आणि नोंद झालेल्यास मृत्युपत्र करण्यास, बक्षीसपत्र देण्यास, मुलगा दत्तक घेण्यास मनाई केली. मालमत्ता पुढच्या पिढीकडे जाऊ न देणे हा एखादा समाज संपविण्याचा सर्वांत शांत मार्ग असतो.

तरीही तो संपला नाही, याचे श्रेय त्याच्या घराण्यांच्या व्यवस्थेला द्यावे लागते. मुंबईत भेंडीबाजारवाला, बुलाकवाला, लालनवाला, लखनौवाला, पूनावाला, दिल्लीवाला आणि हादी इब्राहिमवाला अशी सात घराणी अभ्यासकांनी नोंदविली आहेत. घरातून हाकललेले पोर गुरूकडे येते, चेला होते, कमाईचा वाटा देते. बदल्यात छप्पर, धंद्याचा इलाका, आजारपणात सेवा आणि म्हातारपणी चेल्यांचा आधार मिळतो. अर्थशास्त्राच्या भाषेत ही विमा, निवृत्तिवेतन आणि परवाना देणारी एकत्र संस्था आहे. परंतु तिची दुसरी बाजू लपविण्याचे कारण नाही. चेल्याने गुरू बदलावयाचा तर जुन्या गुरूची भरपाई करावी लागते, नियम मोडल्यास दंड बसतो. ऊसतोड मजुराच्या उचलीशी ज्यांचा परिचय आहे त्यांना ही गाठ ओळखू येईल. आश्रय देणारा हात आणि बांधून ठेवणारा हात येथे एकच आहे, कारण बाहेर दुसरा आश्रयच नाही.

२०१९ साली संसदेने तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कसंरक्षणाचा कायदा केला. केवळ तृतीयपंथी असल्यामुळे कोणास आई-वडिलांपासून वेगळे करता येणार नाही, असे त्यात म्हटले. चांगले झाले. पण कुटुंब सांभाळण्यास असमर्थ असेल तर पुढे काय? न्यायालयाने पुनर्वसन केंद्रात पाठवावे, असे त्या कायद्याचे उत्तर. कुटुंबाच्या व्याख्येत रक्ताचे, विवाहाचे आणि कायदेशीर दत्तकाचे नाते आले. गुरूचे घर आले नाही. ज्या एका घराने सांभाळले तेच कायद्याच्या हिशेबी घर नव्हे! २०११ च्या जनगणनेत स्त्री-पुरुषांखेरीज ‘इतर’ म्हणून देशात ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१ व्यक्तींची नोंद झाली. एवढ्यांना केंद्रे पुरणार नाहीत, आणि पुरली तरी ती घरे होणार नाहीत.

तृतीयपंथीयांसाठी स्वतंत्र वसाहती बांधाव्यात, ही सूचना अधूनमधून पुढे येते. सूचना करणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. परंतु अमरावतीकरांना या बाबतीत तपोवन ठाऊक आहे. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी कुष्ठरोग्यांसाठी उभारलेल्या त्या वसाहतीने टाकून दिलेल्या माणसांना श्रम आणि मान दिला. त्या कार्यापुढे आपण नतमस्तकच असले पाहिजे. समलिंगी असणे हा रोग नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच तो रोगांच्या यादीतून काढला, तेव्हा ही तुलना त्या अर्थाने नाही. तुलना वसाहतीची आहे. कुष्ठरोग औषधाने पूर्ण बरा होऊ लागला तरी बरी झालेली कितीतरी माणसे अशा वसाहतींतच राहिली. गावाला त्यांच्यावाचून राहण्याची सवय झाली होती. वेगळी वसाहत बाहेर ठेवलेल्यांना सांभाळते, पण बाहेर ठेवणाऱ्यांनाही निश्चिंत करते.

मग गावातले घर शक्य आहे काय? २०१७ साली सोलापूर जिल्ह्यातील तरंगफळ या गावाने माउली म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ज्ञानदेव कांबळे या तृतीयपंथी व्यक्तीस सरपंचपदी निवडून दिले. जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुक येथे अंजली पाटील यांचा स्त्रियांच्या राखीव जागेवरील अर्ज फेटाळला गेला. २ जानेवारी २०२१ रोजी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यांना लढण्याची मुभा दिली आणि गावाने त्यांना निवडून दिले. ही दोन्ही खेडी; मुंबईची उपनगरे नव्हेत. ओळखीचे जे जाळे माणसाला बाहेर फेकते तेच कधीकधी त्याला धरूनही ठेवते. आपल्या वर्षानुवर्षांच्या शेजाऱ्यास मत देताना मतदाराने ‘तृतीयपंथी’ या सदराला मत दिले नसेल, माउलीला दिले असेल.

विवाहाचा हक्क १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने न्यायालयाने नाकारला आणि तो विषय संसदेकडे सोपविला. तो वाद चालू राहील. परंतु २०२४ मध्ये केंद्र सरकारने दोन साध्या गोष्टी स्पष्ट केल्या. समलिंगी जोडीदारांना शिधापत्रिकेसाठी एकाच घरातले मानावे, आणि त्यांनी बँकेत संयुक्त खाते उघडण्यास किंवा खात्यावर एकमेकांना नामनिर्देशित करण्यास काही आडकाठी नाही. या पत्रकांचा निकाल दिल्लीत लागत नाही. तो वरूडच्या तहसील कचेरीतील पुरवठा शाखेच्या मेजावर आणि बँकेच्या खिडकीपाशी लागतो. शिधापत्रिकेचा अर्ज घेऊन दोघे जण उभे राहिले असता समोरचा कारकून ‘नाते काय?’ असे विचारील तेव्हा त्या पत्रकाची प्रत त्याच्या फायलीत असली पाहिजे. तसेच महाविद्यालयाच्या वसतिगृहात खोली देताना काय करावयाचे, हे प्राचार्यांनी विद्यार्थी दारात येण्यापूर्वी ठरवून ठेवले पाहिजे. शेंदूरजनाघाटातून निघणारी एसटी यंदाही जूनमध्ये मुलांनी भरलेली असेल, आणि त्यांतील एखाददुसऱ्याला अमरावतीत प्रथम खोलीच शोधावी लागणार आहे.