गाडीची तयारी आणि स्वाराची

वयाची पंचावन्न वर्षे उलटली की वाहनपरवान्याचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठीच होते आणि त्यासाठी डॉक्टरांच्या सहीचा 'नमुना १-अ' जोडावा लागतो. नंदनवन परिसरातील ज्येष्ठ मंडळी तो कागद घेऊन माझ्याकडे येतात. दृष्टी, रंगांची ओळख, श्रवण, हातापायांतील बळ इतके तपासून मी सही करतो. अलीकडे मात्र सही होता होता एखादे गृहस्थ हळूच सांगतात, "डॉक्टरसाहेब, यंदा मोटरसायकलने लेहला जायचा विचार आहे." शेजारी बसलेल्या सौभाग्यवती तेवढ्यात माझ्याकडे अशा नजरेने पाहतात की, मी 'नाही' म्हणावे ही त्यांची अपेक्षा न बोलताच कळते.

नागपूरकराला या प्रवासाचा मोह पडणे स्वाभाविक आहे. आपल्या शहरातून जाणारा ४४ क्रमांकाचा महामार्ग, जुन्या पिढीचा 'सात नंबर', सिवनी, सागर, झाशी, दिल्ली असे करीत थेट श्रीनगरला पोहोचतो. म्हणून मी सरसकट नकार देत नाही. 'गाडीची काय तयारी केली?' असे विचारतो. उत्तरात इंजिन ऑइल, नवे टायर, सामानाच्या लोखंडी पेट्या यांची यादी येते. ही गाडी तुमच्या गुडघ्यांना, मानेला आणि मनगटांना मानवते का, हा विचार त्या यादीत क्वचितच असतो.

आसनाच्या उंचीपासून आरंभ करा. या प्रवासासाठी लोकप्रिय असलेल्या 'हिमालयन' गाडीच्या २०१६ मधील पहिल्या आवृत्तीचे आसन ८०० मिलिमीटर उंच होते. २०२३ मध्ये आलेल्या नव्या आवृत्तीचे आसन ८२५ मिलिमीटर असून इंधनासह वजन १९६ किलोच्या घरात आहे. त्यावर पंचवीस-तीस किलो सामान चढते. उताराच्या, खडी पसरलेल्या कडेला गाडी थांबवताना केवळ पायाची बोटे टेकत असतील, तर गुडघेदुखी असलेल्या माणसाचा तोल तेथेच जातो. ज्येष्ठांची हाडे गाडी उभी असतानाच्या अशा साध्या पडण्यानेही मोडतात. तेव्हा पूर्ण सामान लादून, प्रवासातलेच बूट घालून दोन्ही पाय टेकून पाहा. न टेकल्यास आसन खाली घ्यावे, किंवा हलकी गाडी निवडावी. हलकी गाडी घेण्यात कमीपणा मानणाऱ्यांशी माझे पटत नाही.

हँडल थोडे उंच करून घेतल्यास मणक्याचा त्रास असलेल्यांच्या मानेवरील ताण कमी होतो. क्लच आणि ब्रेकच्या दांड्या बोटांच्या आवाक्यात आणून घ्याव्यात. संधिवाताचा हात दिवसातून शेकडो वेळा ताठ क्लच दाबू शकत नाही. बोटांना मुंग्या येऊ लागल्या, तर ती केवळ थंडी समजून पुढे जाऊ नये. जड सामान खाली आणि शक्य तितके पुढे बांधावे. क्लचची जादा केबल, ट्यूब, फ्यूज आणि हवा भरण्याचा पंप यांची काळजी तुमचा मेकॅनिक घेईलच. साखळीला साधारण दर पाचशे किलोमीटरला तेल द्यावे लागते. स्वाराने दर दीड तासाला उतरून पाय मोकळे करावेत व पाणी प्यावे.

पाण्याविषयी थोडे विस्ताराने सांगतो. प्रोस्टेटचा त्रास असलेले गृहस्थ वारंवार थांबावे लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत. मे-जूनमध्ये विदर्भातून बुंदेलखंडाकडे जाताना पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढलेला असतो. त्यातच रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर रक्तदाब घसरून चालत्या गाडीवर भोवळ येऊ शकते. सप्टेंबरचा उत्तरार्ध मला अधिक पसंत आहे. तरीही निघण्यापूर्वी प्रत्येक गोळी डॉक्टरांना दाखवा. सर्दीच्या अनेक गोळ्यांनी झोप येते. त्या घेतल्यास त्या दिवशी गाडीला हात लावू नये.

मधुमेहींचा प्रश्न याहून नाजूक आहे. इन्सुलिन उन्हाने बिघडते आणि गोठल्यावरही निकामी होते. या एकाच प्रवासात दोन्ही संकटे आहेत. ते मागच्या पेटीत ठेवू नये. मैदानात गार ठेवणाऱ्या पिशवीत आणि पर्वतात कपड्यांच्या आत, अंगालगत ठेवावे. साखर तपासण्याचे यंत्रही थंडीत चुकते. उंचावर त्याच्या आकड्यावर विसंबून इन्सुलिनची मात्रा एकदम बदलू नये.

नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटरवर आहे, तर लेह सुमारे ३,५०० मीटरवर. लेहला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश असतो. नव्या गाडीतील इंधनयंत्रणा विरळ हवेनुसार पेट्रोलचे प्रमाण तत्काळ बदलते. आपल्या शरीराला त्यासाठी काही दिवस लागतात. ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची दर रात्री साधारण ५०० मीटरहून अधिक वाढू नये, असा संकेत आहे. मनालीमार्गे जाणारे पुष्कळदा सुमारे ४,३०० मीटरवरील सरचूला रात्र काढतात. ज्येष्ठांसाठी मी जाताना श्रीनगर-कारगिल मार्गच सुचवतो. कारगिल २,७०० मीटरच्या जवळपास आहे. फोटू ला खिंडीची उंची ४,१०८ मीटर असली, तरी तेथे मुक्काम नसतो. लेहला पोहोचल्यावर दोन दिवस गाडीला कुलूप लावावे. शरीर सरावल्यावर परतीला मनालीचा रस्ता धरता येतो. मात्र त्या मार्गावर पंप फार दूरदूर आहेत. तांदीच्या पंपावरील 'पुढील पंप ३६५ किलोमीटर' ही पाटी स्वारांमध्ये प्रसिद्ध आहे. तेव्हा लेहला टाकी भरून पाच लिटरचा जादा डबा सोबत घ्यावा. उंचीसाठीची ॲसिटाझोलामाइडची गोळी कुणाच्या सांगण्यावरून घेऊ नका; सल्फा औषधांची ॲलर्जी असल्यास तर डॉक्टरांना आधीच सांगावे.

काहींना मी स्पष्टपणे थांबवतो: नुकताच हृदयविकाराचा झटका आलेले, वारंवार साखर खाली जाणारे, दमेकरी ज्यांची धाप नियंत्रणात नाही, आणि रक्त पातळ करणारी वॉरफरिनसारखी औषधे घेणारे. या शेवटच्या गटात डोक्याला लागलेला किरकोळ मारही जिवावर बेततो.

इतरांनी आधी पूर्ण सामानासह चिखलदऱ्याला जाऊन एक मुक्काम करून यावे. तेथील उंची सुमारे अकराशे मीटर असल्याने विरळ हवेची परीक्षा होत नाही, पण कंबर, मनगटे, मूत्राशय आणि सामानाची बांधणी यांची पुरती होते. परतल्यावर दुसऱ्या दिवशी अंथरुणातून कसे उठता, हे घरच्यांनीही पाहावे.

घरच्यांनो, तुम्ही रुसण्याऐवजी दोन गोष्टी आधी ठरवून घ्या. सहप्रवाशाला सांगून ठेवा की डोकेदुखीसोबत उलटी झाली, तर त्या दिवशी वर चढायचे नाही. सरळ रेषेत चालताना झोक गेला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर तत्काळ खाली उतरायचे. लेहमध्ये असाल, तर तेथील सोनम नुर्बू स्मारक रुग्णालय गाठावे. दुसरी गोष्ट फोनची. बाहेरील राज्यांतील प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर व लडाखमध्ये चालत नाही आणि फोन लागेना म्हणून घरी अकारण हाहाकार उडतो. आजोबांचा क्रमांक निघण्यापूर्वी पंधरा दिवस आधीच पोस्टपेड करून घ्या.