वजनाच्या तक्त्यात खेळ कोठे?

अंगणवाडीत दरमहा मुलाला काट्यावर ठेवतात आणि तक्त्यावर एक ठिपका उमटतो. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांनिशी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेची ही शिस्त उपयुक्त आहे, याविषयी आम्हांस शंका नाही. परंतु ते मूल महिनाभर हुंदडले, की भिंतीला टेकून बसून राहिले, हे त्या ठिपक्यावरून कळत नाही. ही उणीव किरकोळ नव्हे.

शरीर हे हिशेबी कारभाऱ्यासारखे असते. अन्न कमी पडले की ते आधी खर्चाला कात्री लावते. हृदय, फुप्फुसे, मेंदू यांचा खर्च टाळता येत नाही. लहान मुलाच्या बाबतीत टाळता येण्याजोगा मोठा खर्च म्हणजे खेळ. युगांडाच्या ग्रामीण भागातील एक ते तीन वर्षांच्या मुलांचा आहार व ऊर्जाव्यय रटिशाउझर आणि व्हाइटहेड यांनी तपासला व १९७२ साली प्रसिद्ध केला. ही मुले कमी खात होती, आणि युरोपीय मुलांच्या मानाने त्यांचे चालणे-धावणेही कमी होते. आपल्याकडे अशा मुलाला 'किती शहाणे, मुळीच त्रास देत नाही' म्हणून वाखाणतात!

ऊर्जाव्यय मोजण्याची सर्वांत भरवशाची रीत मोठी चतुर आहे. हायड्रोजन व ऑक्सिजन यांचे जड अणू असलेले पाणी मुलाला पाजायचे, त्याला नेहमीसारखे वावरू द्यायचे, आणि काही दिवस लघवी तपासून ते अणू कोणत्या वेगाने बाहेर पडतात ते पाहायचे. त्यावरून उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडचा आणि पर्यायाने ऊर्जेचा हिशेब लागतो. लिफसन यांनी १९५५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात उंदरांवर वापरलेली ही रीत १९८२ मध्ये शोलर यांनी माणसांवर वापरली. तिने तज्ज्ञांचेही आकडे बदलले. १९८५ च्या आंतरराष्ट्रीय अहवालात मुलांची गरज खाल्लेल्या अन्नावरून ठरविली होती. २००४ च्या अहवालात ती प्रत्यक्ष व्ययावरून काढली, तेव्हा सात वर्षांखालील मुलग्यांसाठी सरासरी १८ आणि मुलींसाठी २० टक्क्यांनी ती कमी भरली.

येथे सावध राहिले पाहिजे. उपाशीपोटी बसून राहणाऱ्या मुलाचा व्यय मोजून त्यालाच त्याची गरज म्हणणे, म्हणजे रिकाम्या खिशाच्या माणसाला 'तुझा खर्चच कमी, तुला पगार कशाला?' असे विचारण्यासारखे आहे. मुलाने किती खेळावयास हवे, हे आधी ठरवावे आणि मग त्याचे ताट वाढावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला किमान १८० मिनिटे हालचाल सांगितली. त्यांपैकी ६० मिनिटे तरी दमछाक करणारी हवीत. पडद्यासमोरची बैठक मात्र एका तासापलीकडे नको. हे शेवटचे कलम पणजी-मडगावच्या सदनिकांतील सुखवस्तू आईबापांनीही वाचावे.

ते जड पाणी गावोगावी परवडणारे नाही. कमरेला बांधावयाची हालचालमापक यंत्रे मिळतात. पण मुलांची जोरकस धाव बहुधा तीनच सेकंद टिकते, असे १९९५ च्या एका अमेरिकन निरीक्षणात आढळले. मिनिटाची सरासरी काढणाऱ्या यंत्राच्या हिशेबात ती विरघळून जाते. सेविकेच्या डोळ्यांना मात्र ती दिसते. तेव्हा वजनाच्या दिवशी मुलांना तासभर मोकळे सोडून कोण धावते, कोण कडेला बसते, एवढे तिने टिपावे, आणि सतत बसणाऱ्या मुलाचा आहार व प्रकृती तपासली जावी, असे आम्ही सुचवितो. अर्थात त्यासाठी तिच्या माथ्यावरील एखादी नोंदवही शासनाने कमी केली पाहिजे. भाड्याच्या एकाच खोलीत भरणाऱ्या अंगणवाडीला तर प्रथम अंगण दिले पाहिजे. पंचायतीने देवळाचे किंवा शाळेचे पटांगण सकाळी तासभर मागून घेतले, तर त्याला नव्या अर्थसंकल्पाची वाट पाहावी लागणार नाही.