गाठ गेली, माणूस सांभाळा



पहिली उचल, तोडणी, खोडव्याचे नियोजन हे आपल्या अंकाचे नेहमीचे विषय. या वेळी दुसऱ्या एका गोष्टीवर लिहीत आहोत, पण तीही आपल्या घरचीच आहे. तंबाखूचा बार, मिश्री आणि सुपारी यांतून तोंडाचा व घशाचा कर्करोग होतो, हे आता शाळेतले पोरही सांगेल. तासगावचे आर. आर. आबा २०१५ साली तोंडाच्या कर्करोगानेच गेले. पण जो ऑपरेशनातून वाचतो, त्याचे पुढे काय? त्याकडे आपले लक्ष नाही, असे आम्हांस वाटते.

आपल्या भागातले पुष्कळ रोगी परळच्या टाटा हॉस्पिटलात जातात. १९४१ साली सुरू झालेल्या या हॉस्पिटलाचा गोरगरिबाला मोठा आधार आहे. मुक्काम मात्र ठाणे, कल्याण नाही तर डोंबिवलीला, नोकरीवर असलेल्या मुलाच्या किंवा पुतण्याच्या दोन खोल्यांत. विजेचा शेक, म्हणजे ज्याला आपण ‘लाईट’ म्हणतो, तो बहुधा आठवड्याला पाच दिवस असा सहा-सात आठवडे चालतो. रोज लोकलने जायचे नि यायचे. लोकलच्या अपंगांच्या डब्यात कर्करोगाच्या रोग्यास बसता येते, हेही कित्येकांना ठाऊक नसते.

या दिवसांत तोंड आतून सोलवटते, लाळ आटते, चव जाते. भाकरीचा तुकडा गिळवत नाही. कोणाला नाकातून नळी घालून पातळ अन्न द्यावे लागते. जबडा आखडतो. मानेच्या गाठी काढल्यावर खांदा धड उचलत नाही. स्वरयंत्र काढले तर आवाजच जातो.

आणि मग माणूस गप्प होतो. घास ओघळतो म्हणून पंगतीला बसत नाही. बोललेले कळत नाही म्हणून फोन घेत नाही. नातवंडांना आपली किळस येत असेल, असे त्याच्या मनात येते. परमुलखात भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. ‘तात्या, कसं वाटतंय?’ विचारले, तर नुसती मान हलवतो. वर भेटायला येणारा म्हणतो, ‘तंबाखू खाल्ली, आता भोगा!’ या बोलण्याचा आम्ही निषेध करतो. चंची पुढे करणारे हात गावाचेच असतात.

आमचे म्हणणे एवढेच, की दुखणे आणि मन ही दोन खाती वेगळी नाहीत. रात्रभर ठणकत असेल, झोप नसेल, तर मन खचणारच. आणि मन खचले की माणूस जेवण सोडतो, औषध टाळतो. म्हणून ‘रोग म्हटला की सोसायचंच’ हे सोडा. ठणक्यावर औषध आहे, जबड्याला व खांद्याला व्यायाम आहे, गिळणे-बोलणे पुन्हा शिकवणारे लोक आहेत. काय काय होते ते कागदावर लिहून डॉक्टरांपुढे ठेवा.

मनाच्या डॉक्टरकडे जायलाही लाजू नका. ठाण्याला १९०१ पासून मनोरुग्णालय आहे, त्यावरून ‘ठाण्याला पाठवा’ अशी थट्टा आपण करतो. त्या थट्टेपायी उदास माणूस तोंड उघडत नाही. सरकारच्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही बोलता येते, पैसे पडत नाहीत.

राजकारण बाजूला ठेवून एक उदाहरण घ्या. शरद पवार यांच्यावर २००४ साली तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. दात गेले, तोंड उघडायला, गिळायला, बोलायला त्रास झाला, हे त्यांनी पुढे जाहीरपणे सांगितले. एवढा मोठा माणूस लपवत नाही, तर आपल्या तात्यांनी का लपवावे?

तेव्हा भेटायला गेलात तर मुलाशी नव्हे, रोग्याशी बोला. त्याचा शब्द उमटायला वेळ लागला तर थांबा. बोलता येत नसेल तर पाटी-पेन्सिल द्या. तिखट नसलेली पेज, मऊ खिचडी घरात सगळ्यांनीच एक वेळ त्याच्याबरोबर खावी. गावी परतल्यावर त्याला मीटिंगला बोलवा, हिशेबाची वही त्याच्यापुढे ठेवा.

तोड झाली म्हणून खोडवा कोणी वाऱ्यावर सोडत नाही. मग घरच्या माणसाला का सोडावे?