प्रोबेशन म्हणजे मौनव्रत नव्हे

प्रदूषणावर बोट ठेवणाऱ्या नव्या कामगाराला प्रोबेशनमध्ये केव्हाही काढता येते आणि त्याला दाद मागता येत नाही, हे मत अर्धेच खरे आहे. काम असमाधानकारक असेल, तर साध्या आदेशाने सेवा संपवता येते. पण तो आदेश शिक्षेचा मुखवटा असेल, तर न्यायालय त्यामागचे खरे कारण तपासू शकते. महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्यात सूडबुद्धीने कामावरून काढणे ही अनुचित कामगार प्रथा मानली आहे; तक्रारीची मुदत 90 दिवसांची आहे. व्यवस्थापकीय पदावरची माणसे मात्र या संरक्षणाबाहेर राहतात.

ऑगस्ट 2017 मध्ये तळोजा औद्योगिक वसाहतीत निळी झालेली कुत्री दिसली, तेव्हा तिथल्या कासाडी नदीचे प्रदूषण देशभर गाजले आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने एका कारखान्यावर कारवाई केली. नाल्यात काय सोडले जाते, हे सर्वांत आधी कारखान्यातल्या माणसाला कळते. भोपाळ दुर्घटनेनंतर, 1987 मध्ये, कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली. जिवाला किंवा आरोग्याला असलेला नजीकचा धोका व्यवस्थापनाच्या आणि निरीक्षकाच्या नजरेस आणण्याचा हक्क कामगाराला मिळाला, तो या दुरुस्तीमुळे.